‘खेळणीच होती ती!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या ॲपल टू कॉम्प्युटरचा अपंगांना कसा उपयोग झाला, या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : ॲपल टू वगैरे मशिनं म्हणजे पोरांची खेळणी; अपंगांचं खरं काम केलं ते खास बनवलेल्या उपकरणांनी आणि पुढे मोबाइलनं; आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यासारखा एक माणूस दाखवून मी सगळ्यांचंच गोड चित्र रंगवतोय.

खेळणी होती, हे तर मलाही म्हणायचंय. ॲपल टूवर गेम खेळायचं बटण म्हणजे शेवटी साधा स्विच. दोन तारा जुळल्या की मशीनला कळतं, बटण दाबलं. अंगठ्यानं दाबलं, हनुवटीनं की पायानं, त्याला काय देणंघेणं? वरचं झाकण हातानं निघायचं, आत जादा कार्डं बसवायला आठ स्लॉट, आणि सर्किटचा नकाशासुद्धा मॅन्युअलमध्ये छापलेला.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अपंगांसाठी तंत्र शोधणाऱ्या ट्रेस सेंटरमधल्या पॉल श्वेडा आणि ग्रेग व्हँडरहायडेन यांनी त्यातल्याच एका स्लॉटमध्ये बसणारं ‘अडॅप्टिव्ह फर्मवेअर कार्ड’ बनवलं. ‘बाइट’ या कॉम्प्युटरवरच्या मासिकाच्या सप्टेंबर १९८२च्या अंकात त्यावर लेख आहे. आता समजा, एखाद्या मुलीला फक्त मान हलवता येते. डोक्याशी एक स्विच लावलाय. पडद्यावर अक्षरांचे गट एकामागून एक पुढे येतात. हवा तो गट आला की स्विच, मग त्यातलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा स्विच. मोर्स, म्हणजे तारेची ती कट्ट-कडकट्ट लिपी, येत असेल तर त्याहून झटपट. खरी गंमत पुढे आहे. निवडलेलं अक्षर कार्ड अशा बेतानं पुढे सरकवी, की प्रोग्रामला वाटे ते कीबोर्डवरूनच आलंय! त्यामुळे वर्गातली बाकीची मुलं जो गणिताचा प्रोग्राम चालवत, तोच, बाजारात मिळणारा, तीही चालवू शके. तुमच्या त्या खास उपकरणांवर मजकूर लिहिता यायचा, काही बोलायचीसुद्धा. पण वर्गातला प्रोग्राम त्यांच्यावर कुठून चालणार?

स्वस्ताई नव्हती, कबूल. १९७७ साली ॲपल टूची किंमत १,२९८ डॉलरपासून पुढे. पण अमेरिकेतल्या अनेक शाळांनी तो सगळ्याच मुलांसाठी घेतला होता. जास्तीचा खर्च कार्ड आणि स्विचचा.

हॉकिंग यांच्याबद्दलचा तुमचा राग मला पटतो. दिमतीला नर्सेस आणि इंजिनिअर सगळ्यांच्या नशिबी नसतात. १९८५मध्ये श्वासनलिकेवरच्या शस्त्रक्रियेनं त्यांचा आवाज गेला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वोल्टॉझ यांनी त्यांना एका स्विचवर शब्द निवडून वाक्य जुळवायचा ‘इक्वलायझर’ हा प्रोग्राम पाठवला. मिनिटाला फार तर १५ शब्द. पण वोल्टॉझ या कामात पडले ते कुठल्या शास्त्रज्ञापायी नव्हे. त्यांच्या सासूबाईंना हॉकिंग यांचाच, शरीर हळूहळू लुळं पाडणारा ‘एएलएस’ हा आजार होता.

आणि पुढच्या मशिनांनी सगळं सोपं केलं, असं म्हणत असाल, तर ते साफ नामंजूर. ॲपल टूच्या मेमरीत पडद्यावरचं प्रत्येक अक्षर अक्षर म्हणूनच असायचं. बोलणारा प्रोग्राम ते उचलून ‘इको टू’सारख्या, मजकुराचा आवाज करणाऱ्या सिंथेसायझरकडे धाडी, आणि अंध माणूस ऐके. १९८४मध्ये ॲपलचाच मॅकिंटॉश आला. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अंधांची पंचाईत झाली. पडद्यावरचं अक्षरही आता मेमरीत नुसते ठिपके, त्यात हातात माउस. ‘आउटस्पोकन’ हा तिथला पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम यायला १९८९ उजाडलं.

राहता राहिला मोबाइल. त्याआधी कॉम्प्युटरवरचंच एक उदाहरण घ्या. शिफ्ट पाचदा दाबल्यावर उपटणाऱ्या ज्या ‘स्टिकी कीज’च्या खिडकीवर आपण सायबर कॅफेत वैतागायचो, ती विंडोज ९५मध्ये आली ट्रेस सेंटरच्याच कामातून. एका हातानं टाइप करणाऱ्याला शिफ्ट दाबून धरता येत नाही, म्हणून. तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर सेटिंगमध्ये, तिथे नसेल तर प्ले स्टोअरवर, ‘स्विच ॲक्सेस’ शोधा. एका स्विचवर चालवताना तिथेही चौकट त्या मुलीच्या अक्षरांसारखीच एकेक जागा पुढे सरकते. चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं तेवढं वाचून ठेवा, नाहीतर उत्तर लिहायला उद्या उजाडेल.