पॅनेलकडे ४.७, बॅटरीकडे ५.९ अँपिअर : एका आक्षेपाला उत्तर

स. न. वि. वि.

घडीच्या सौर पॅनेलचा करंट मोजण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभारी आहे. मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपल्या आक्षेपांचा गोषवारा आधी देतो. पॅनेलकडच्या तारेत ४.७ अँपिअर आणि बॅटरीकडच्या तारेत ५.९ अँपिअर, असे आकडे मी दिले होते. मधला, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर काही वीज निर्माण करत नाही, तेव्हा हे आकडे अशक्य आहेत, असे आपले म्हणणे. पॅनेलची दोन्ही टोके मीटरमधून थेट जोडून शॉर्ट सर्किट करंट मोजण्याचा सल्ला आपल्याला धोकादायक वाटतो. १०० वॅटच्या पॅनेलमधून ७८ वॅटच मिळाले, म्हणजे पॅनेल तरी खोटे किंवा मोजणी तरी खोटी, असा आपला निष्कर्ष आहे. आणि सगळी मोजमापे टाँग टेस्टरने (तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने), ठीक बारा वाजता घ्यायला हवी होती, असे आपण सुचवले आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत मला एक कबुली द्यायची आहे, पण आपण दिलेल्या कारणासाठी नव्हे. बॅटरीकडचा करंट पॅनेलकडच्या करंटपेक्षा जास्त असणे अशक्य तर नाहीच, माझ्याकडे असलेल्या एमपीपीटी जातीच्या कंट्रोलरबाबत ते अपेक्षितच आहे. हा कंट्रोलर पॅनेलला १६-१७ व्होल्टच्या आसपास, म्हणजे जिथे त्याची शक्ती सर्वाधिक असते तिथे चालू देतो आणि तीच शक्ती बॅटरीच्या १३-१४ व्होल्टवर उतरवून देतो. दाब उतरला की करंट चढणार, हे उघड आहे. जपली जाते ती शक्ती, करंट नव्हे. आपण आयुष्यभर ज्या ट्रान्सफॉर्मरांबरोबर काम केलेत, त्यांच्या उच्चदाब आणि लघुदाब बाजूंचे करंट तरी कुठे सारखे असतात? इथे वीज एकदिश (डीसी) असल्यामुळे ते काम ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगाने उघडझाप करणारा स्विच आणि कॉइल करतात, इतकाच फरक.

आपला अनुभव स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरचा असावा, असा माझा अंदाज आहे. तो चार्जिंगच्या पहिल्या टप्प्यात पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीला जोडून टाकतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच करंट दिसतो आणि पॅनेल बॅटरीच्या दाबावर ओढले गेल्यामुळे वरचे तीन-चार व्होल्ट वाया जातात. अशा जोडणीपुरते आपले विधान बरोबर आहे.

आता कबुली. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी मूळ लेखातल्या तक्त्यातल्या आकड्यांचे गुणाकार केले, जे खरे तर लेख प्रसिद्ध करण्याआधीच करायला हवे होते. पॅनेलकडे १६.६ व्होल्ट आणि ४.७ अँपिअर, म्हणजे ७८.० वॅट, बॅटरीकडे १३.३ व्होल्ट आणि ५.९ अँपिअर, म्हणजे ७८.५ वॅट. आत गेले त्यापेक्षा बाहेर जास्त आले! कंट्रोलर स्वतः गरम होतो आणि पाचेक टक्के खातो, हे लक्षात घेतले तर चूक अर्ध्या वॅटची नसून चार-पाच वॅटची आहे. म्हणजे करंट वाढला म्हणून नव्हे, तर शक्ती वाढली म्हणून माझा तक्ता चुकीचा होता. तो चुकीचा असल्याचा संशय आपल्याला आला, हे श्रेय आपलेच.

चूक शोधताना जे हाती आले त्याची थोडी गंमत वाटते. पॅनेलकडचा करंट मी मल्टिमीटरने आणि बॅटरीकडचा क्लॅम्प मीटरने, म्हणजे आपण सुचवलेल्या टाँग टेस्टरनेच मोजला होता. नेहमीचा टाँग टेस्टर एकदिश करंट दाखवतच नाही, कारण त्याचा जबडा म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि न बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्याला कळत नाही. एकदिश करंटसाठी हॉल सेन्सर, म्हणजे स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखणारा सेन्सर असलेला क्लॅम्प लागतो. तो माझ्याकडे आहे. परंतु हा सेन्सर पृथ्वीचे चुंबकत्व आणि जबड्यात उरलेले थोडेफार चुंबकत्वही मोजतो, म्हणून प्रत्येक वेळी तार आत घेण्यापूर्वी, ज्या दिशेने मोजायचे त्याच दिशेने क्लॅम्प धरून शून्याचे बटण दाबावे लागते. ते मी दाबले नव्हते. परवा रिकामा जबडा त्याच अवस्थेत धरून पाहिला, तर मीटरवर ०.२८ अँपिअर दिसले. ५.९ मधून ते वजा केले की ५.६ उरतात आणि हिशेब जुळतो.

मग सगळे मल्टिमीटरनेच का मोजले नाही, हाही प्रश्न रास्त आहे. मल्टिमीटर मालिकेत जोडावा लागतो, आणि त्याच्या तारा व आतला शंट (करंट मोजण्यासाठी बसवलेला छोटा रोध) मिळून एक दशांश ओहमच्या आसपास रोध होतो. पाच-सहा अँपिअरला तिथेच अर्धा व्होल्ट पडतो. बॅटरीकडे अर्धा व्होल्ट पडला तर कंट्रोलरला बॅटरी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली वाटते आणि तो वेळेआधीच हात आखडता घेतो. शिवाय बहुतेक स्वस्त मीटरांच्या १० अँपिअरच्या खोबणीपाशी "दहा सेकंदांपेक्षा जास्त नको" असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते कुणी वाचत नाही.

गेल्या रविवारी दोन्ही बाजू दोन मीटरांनी एकाच वेळी मोजल्या. क्लॅम्पचे शून्य केले होते, आणि बॅटरी आदल्या रात्री दुर्बिणीचे माउंट व दव वाळवणारी पट्टी चालवून निम्मी रिकामी केली होती, कारण भरलेल्या बॅटरीवर केलेले मोजमाप पॅनेलचे नसून कंट्रोलरच्या संयमाचे असते. पॅनेलकडे १६.४ व्होल्ट, ४.८६ अँपिअर, ७९.७ वॅट, बॅटरीकडे १३.४ व्होल्ट, ५.६२ अँपिअर, ७५.३ वॅट. कार्यक्षमता ९४.५ टक्के. लगेच त्याच उन्हात जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला, तर दोन्हीकडे ५.२ अँपिअर मिळाले, म्हणजे बॅटरीत ७० वॅटच्या आसपास.

शॉर्ट सर्किटविषयी आपली भीती बॅटरीच्या बाबतीत शंभर टक्के खरी आहे. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो. सौर पॅनेलचा स्वभाव मात्र वेगळा आहे. ऊन जितके, तितकाच करंट ते देऊ शकते. माझ्या पॅनेलच्या पाठीवर कमाल शक्तीचा करंट ५.५५ आणि शॉर्ट सर्किट करंट ६.० अँपिअर छापलेला आहे. फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. एकटे, कंट्रोलरपासून सोडवलेले पॅनेल काही सेकंद शॉर्ट केल्याने त्याला इजा होत नाही. धोका आहे तो जोडणी तोडताना, कारण एकदिश ठिणगी सहज विझत नाही. म्हणून पॅनेल आधी जाड कापडाने झाकावे, मीटर जोडावा, कापड काढून आकडा वाचावा, पुन्हा झाकावे आणि मगच तारा सोडवाव्यात. ही झाकण्याची पायरी मी मूळ लेखात लिहिली नव्हती. ती चूक गंभीर होती आणि आता दुरुस्त केली आहे. छतावरच्या, अनेक पॅनेल मालिकेत जोडून कित्येकशे व्होल्टवर चालणाऱ्या संचाला हा प्रयोग कुणीही लावू नये.

हा करंट मोजायचा तरी कशाला? कारण त्यामुळे पॅनेलच उन्हाचा मीटर बनते, आणि आपल्या १०० वॅटच्या आक्षेपाचे उत्तर तिथेच आहे. छापील १०० वॅट प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात : दर चौरस मीटरवर १००० वॅटचे ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. रविवारी शॉर्ट सर्किट करंट ५.४५ अँपिअर आला, छापील करंटच्या ०.९१ पट, म्हणजे ऊन साधारण ९१० वॅटचे. पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला तापमापक ५२ अंश दाखवत होता, म्हणजे २७ अंश जास्त. दर अंशामागे शक्ती सुमारे ०.४ टक्का घटते, हे धरले तर आणखी ११ टक्के गेले. दोन्हींचा गुणाकार ८१ वॅटच्या आसपास येतो आणि मीटरने ७९.७ दाखवले. पॅनेल खोटे नाही, उलट मला ते चांगलेच प्रामाणिक वाटते.

बारा वाजण्याविषयी थोडक्यात. पुण्यात घड्याळाचे बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे त्याच्या साडेआठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला, म्हणून सूर्य सरासरी ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यातही नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२.१८ ला, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२.४९ ला. तरी यावर मी फार भर देणार नाही, कारण पन्नास मिनिटांच्या फरकाने दोनेक टक्क्यांपलीकडे काही बिघडत नाही. पॅनेलवर एक पेन्सिल काटकोनात उभी धरून तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल वळवणे हे घड्याळ पाहण्यापेक्षा जास्त उपयोगाचे.

१३-१४ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. तेव्हा साडेबाराच्या सुमारास पॅनेल जमिनीवर सपाट ठेवले तरी ते थेट सूर्यासमोर असते. आकाश निरभ्र असेल तर त्या दिवशी हीच मोजणी पुन्हा करणार आहे. ऊन जास्त असेल, पण सेलही ६५ अंशांच्या पुढे तापलेले असतील. म्हणून शॉर्ट सर्किट करंट रविवारपेक्षा जास्त दिसेल, वॅट मात्र वाढलेले नसतील, असा माझा अंदाज आहे. तोवर मूळ तक्त्यातला ५.९ हा आकडा पुसून न टाकता त्यावर काट मारून शेजारी ५.६ लिहिला आहे आणि प्रत्येक करंटसमोर तो कोणत्या तारेत, किती व्होल्टवर मोजला, हेही नोंदवले आहे.