आफ्रिकेतलं फॅक्टरिंग आणि ‘नव्या सावकारी’चा आरोप

मराठी उद्योजक आणि निर्यातदारांच्या गटांतून सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विकास बँका, म्हणजे विकासाच्या कामांसाठी कर्ज आणि भांडवल पुरवणाऱ्या बँका, आफ्रिकेत ‘फॅक्टरिंग’ नावाची नवी सावकारी पोसत आहेत. छोट्या पुरवठादाराची बिलं कवडीमोलाने विकत घेतली जातात, तो कर्जात रुतत जातो आणि नफा बाहेरचे घेऊन जातात. वर एक प्रश्नही आहे: हा धंदा खरोखर चांगला असता तर बाजाराने तो आपणहून उभा केला नसता का?

फॅक्टरिंग म्हणजे उधारीवर दिलेल्या मालाचं बिल विकून बरेचसे पैसे मुदतीआधीच हातात घेणं; ते बिल विकत घेणारी कंपनी म्हणजे फॅक्टर. मजकूर लिहिणारा छोट्या धंदेवाल्याच्या बाजूने रागावलेला आहे. तो राग मलाही कळतो. पण त्याचा रोख चुकला आहे, आणि त्यामुळे जिथे खरोखर जाब विचारायला हवा ती जागा सुटून जाते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“हे कर्जच आहे, फक्त नाव बदललंय”

नैरोबीत मसाले दळून पाकिटं भरणारा एक कारखानदार धरा. आकडे समजण्यापुरते घेतो. त्याने एका सुपरमार्केट साखळीला माल दिला. बिल झालं १० लाख शिलिंगांचं, उधारी ९० दिवसांची. मिरची आणि धणे देणारा मात्र रोख मागतो, आणि पगार दर महिन्याला करावेच लागतात. फॅक्टरने बिलावर ८० टक्के, म्हणजे ८ लाख उचल दिली. वर्षाला १८ टक्के दराने ९० दिवसांचं व्याज साधारण ३५,५०० झालं, आणि बिलावर १ टक्का सेवाशुल्क म्हणजे १०,०००. सुपरमार्केटने मुदतीला पैसे फॅक्टरकडे भरले की राहिलेल्या २ लाखांतून हे ४५,५०० वळते होतात आणि १,५४,५०० कारखानदाराच्या हातात पडतात.

म्हणजे बिलाच्या साडेचार टक्के गेले. ज्याचा नफाच ५ टक्के आहे त्याने या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगेन. पण ज्याला त्या ८ लाखांवर लगेच दुसरी ऑर्डर घेता येते, त्याचं गणित वेगळं ठरतं. कवडीमोल हा शब्द दोघांच्याही बाबतीत लागू होत नाही.

कर्ज देताना बँक पाहते ते धंदेवाल्याकडे: जमीन कुठे आहे, घर कुणाच्या नावावर आहे, जामीनदार कोण. फॅक्टर पाहतो ते बिल कुणावर आहे याकडे. सातबारा नसलेल्या, पण मोठ्या आणि वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला माल पुरवणाऱ्या माणसाला या एका फरकामुळे दार उघडतं. आफ्रिकेत जमिनीची कागदपत्रं नीट नसणं ही घरोघरची अडचण आहे, त्यामुळे तिथे हा फरक आणखी मोठा ठरतो.

यात त्या मजकुराच्या पदरात एक गोष्ट टाकावी लागते. फॅक्टरिंग दोन तऱ्हेचं असतं. एकात गिऱ्हाईक बुडालं तर नुकसान फॅक्टरचं, दुसऱ्यात उचल पुरवठादाराने परत करायची. दुसऱ्या प्रकारात जोखीम पुरवठादाराच्याच डोक्यावर राहते आणि व्यवहार कर्जाच्या फार जवळ जातो. केनियातली नाकुमॅट ही प्रचंड सुपरमार्केट साखळी २०१८ साली प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि २०२० मध्ये धनकोंनी ती गुंडाळायचा निर्णय घेतला. पुरवठादारांची मोठी येणी त्यात अडकली. अशा गिऱ्हाइकावरचं बिल दुसऱ्या प्रकाराने विकलं असेल तर माल गेलेला, पैसे आलेले नाहीत आणि वर उचल फेडायची, अशी पाळी येते.

पण इथेच विकास बँकेचा उपयोग आहे. जोखीम स्वतःवर घ्यायला छोटा स्थानिक फॅक्टर धजावत नाही, कारण दोन-तीन मोठी बिलं बुडाली की त्याचं भांडवल संपतं. मागे कुणाची हमी किंवा विमा असेल तरच तो पहिल्या प्रकारचा व्यवहार करू शकतो. ही हमी विकास बँकेने द्यायची असते. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर ‘बँक यात का पडते’ असा घेऊन चालणार नाही. ‘हमी इतकी अपुरी का’ असा घ्यायला हवा.

“चांगला धंदा असता तर बाजारानेच उभा केला असता”

हा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो आणि सगळ्यात चुकीचा आहे.

नायजेरियाकडे पाहा. आंतरराष्ट्रीय फॅक्टरिंगचा करार १९८८ मध्ये ओटावात झाला. तो १९९५ साली अमलात आला तो फ्रान्स, इटली आणि नायजेरिया या तीन देशांच्या मंजुरीमुळे. म्हणजे नायजेरिया अगदी पहिल्या पंगतीत होता. तरी पुढची कित्येक वर्षं तिथे फॅक्टरिंग नावापुरतंच राहिलं. बाजार होता, व्यापारी होते, उधारी तर मुबलक होती. मग अडलं कुठे?

अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. येणं दुसऱ्याच्या नावे केलं की ते कायद्याने पक्कं धरायचं का? गिऱ्हाइकाला तशी सूचना मिळाल्यावरही त्याने जुन्याच माणसाला पैसे दिले, तर तो सुटला का? मोठे खरेदीदार ऑर्डरवरच छापतात की हे बिल दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. त्या ओळीला न्यायालय किती मान देणार? एकच बिल दोघांना विकलं गेलं तर पहिला हक्क कुणाचा, आणि तो तपासायची नोंदवही कुठे आहे? त्यात मुद्रांक शुल्क. इंग्रजी वळणाच्या कायद्यात येणं हस्तांतरित करणं म्हणजे मालमत्ता हस्तांतरित करणं, मग रकमेच्या प्रमाणात शुल्क लागू शकतं. ९० दिवसांत मिटणाऱ्या बिलावर ते भरायचं तर व्यवहारातला सगळा नफा तिथेच संपतो. हे आपल्यालाही नवं नाही. भारतात या शुल्कातून माफी २०११ च्या फॅक्टरिंग नियमन कायद्याने दिली.

यातली एकही अडचण एकटी कंपनी पैसे खर्चून सोडवत नाही, कारण कायदा बदलला तर फायदा तिच्या स्पर्धकांनाही तितकाच होतो. कैरोच्या ॲफ्रेक्झिमबँकेने, म्हणजे आफ्रिकन निर्यात-आयात बँकेने, २०१६ मध्ये फॅक्टरिंगचा नमुना कायदा पुढे ठेवला तो यासाठी. कुठल्याही सरकारने तो घ्यावा आणि आपल्या चौकटीत बसवावा. कॅमेरूनने त्याआधीच, २०१४ साली, स्वतःचा कायदा केला होता. इजिप्तने २०१८ मध्ये केला. पश्चिम आफ्रिकेत एक चलन वापरणाऱ्या आठ देशांच्या संघाने २०२० मध्ये एकसारखा कायदा स्वीकारला. घानाने तारणांची नोंदवही २०१० मध्येच सुरू केली, आणि त्यामागे जागतिक बँक गटातल्या आयएफसीचं साहाय्य होतं. ही कामं वर्तमानपत्रात येत नाहीत. पण नैरोबीतल्या किंवा डाकारमधल्या फॅक्टरला बिल हातात घेताना धीर येतो तो यांच्यामुळे.

‘बाजाराने आपणहून’ हे आपल्याकडे तरी कुठे झालं? मुंबईतली ग्लोबल ट्रेड फायनान्स ही निर्यात फॅक्टरिंग कंपनी २००१ मध्ये सुरू झाली ती आपली एक्झिम बँक, जर्मनीची वेस्टएलबी बँक आणि आयएफसी यांच्या भांडवलावर. धंदा बसल्यावर, २००८ मध्ये, स्टेट बँकेने ती विकत घेतली. इजिप्तमध्ये माल्टाच्या फिमबँकेने स्थानिक सीआयबी बँकेसोबत इजिप्त फॅक्टर्स काढली, तिच्यातही आयएफसीचा हिस्सा होता. छोट्या उद्योगांची बिलं लिलावाने वटवणारा आपला पहिला ट्रेड्स मंच, आरएक्सआयएल, सिडबी आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने मिळून २०१७ मध्ये चालू केला. सिडबी ही विकास बँकच आहे. मेक्सिकोत तर नॅसिओनाल फिनान्सिएरा या सरकारी विकास बँकेने २००१ पासून हा व्यवहार थेट संगणकावर आणला: मोठ्या खरेदीदाराने बिल मान्य केलं की छोटा पुरवठादार ते हव्या त्या बँकेला वटवू शकतो, आणि खरेदीदार बुडाला तरी पैसे परत मागितले जात नाहीत.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण उलट दिलं जातं. तिथे फॅक्टरिंग विकास बँकांचा हात न धरता वाढलं आणि खंडातल्या एकूण उलाढालीत तिचाच वाटा सर्वांत मोठा आहे, हे खरं. पण तिथे मोठ्या बँका होत्या, पतमाहिती होती, येणं हस्तांतरित करण्याविषयी मुरलेले न्यायनिवाडे होते. हा पाया आयता नसलेल्या मलावीला किंवा सेनेगलला तिचं उदाहरण देऊन ‘तुम्हीही करा’ म्हणणं अन्यायाचं आहे. सगळा खंड मिळून जगातल्या फॅक्टरिंगमध्ये १ टक्क्याच्या आसपासच आहे, आणि पाया नसलेल्या देशांची संख्या पाहिली की त्याचं नवल वाटत नाही.

“नफा बाहेरचे नेतात”

यावर फार लिहायला नको. ॲफ्रेक्झिमबँक १९९३ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय कैरोत, आणि तिच्या भागधारकांत आफ्रिकेतली सरकारं आणि मध्यवर्ती बँका आहेत. आफ्रिकन विकास बँकेने फॅक्टरिंग कंपन्यांना सक्षम करण्यासाठी तिला जे अनुदान दिलं ते सुमारे १० लाख डॉलरचं होतं. एवढ्या रकमेत माणसं शिकवता येतात, खंड लुटता येत नाही.

बाहेरच्यांचा संबंध येतो तो निर्यातीत, आणि त्यात आपणही आहोत. महाराष्ट्रातून पंप, औषधं, यंत्रांचे सुटे भाग आफ्रिकेत जातात ते बऱ्याचदा उधारीवर. आंतरराष्ट्रीय फॅक्टरिंगमध्ये विकणाऱ्याच्या देशात एक फॅक्टर असतो आणि घेणाऱ्याच्या देशात दुसरा. दुसरा गिऱ्हाईक ओळखतो, त्याची पत जोखतो, वसुली करतो आणि गिऱ्हाईक बुडालं तर हमी देतो. लुसाका किंवा अक्रात असा भरवशाचा फॅक्टर असेल तर पुण्याच्या कारखानदाराला लेटर ऑफ क्रेडिटचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे देण्याच्या लेखी हमीचा, हट्ट धरावा लागत नाही, आणि तिथल्या व्यापाऱ्यालाही आगाऊ पैसे अडकवावे लागत नाहीत. तो माणूस तिथे उभा राहणं दोन्ही बाजूंच्या हिताचं आहे.

मग जाब कशाचा विचारायचा?

दोन गोष्टींचा. पहिली चलनाची. विकास बँका स्थानिक फॅक्टरला कर्जरेषा देतात ती बहुतेकदा डॉलरमध्ये. त्याने विकत घेतलेली देशांतर्गत बिलं मात्र नायरा, सेडी किंवा क्वाचामध्ये असतात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने विनिमय दर मोकळा सोडला आणि काही आठवड्यांत नायराची डॉलरमधली किंमत तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडली. ज्याने डॉलर उचलून नायरातली बिलं घेतली असतील, त्याची सगळी बिलं वेळेवर वसूल होऊनही तो खड्ड्यात जातो. मग तो ही भीती आधीच पुरवठादाराच्या दरात घालतो, आणि मसालेवाल्याचे साडेचार टक्के सहा-सात होतात. स्थानिक चलनातली जोखीम उचलण्यासाठी विकास बँकांनीच २००७ साली टीसीएक्स नावाचा निधी ॲम्स्टरडॅममध्ये उभा केला आहे. साधन हाताशी असताना छोट्या फॅक्टरपर्यंत डॉलरच का पोचतो, हे खडसावून विचारायला हवं.

दुसरी गोष्ट सरकारी बिलांची. अनेक देशांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. शाळांची बाकं, दवाखान्यांची औषधं, रस्त्यांची खडी ही सगळी खरेदी त्याचीच, आणि पैसेही तेच रखडवतं. केनियात केंद्राकडे आणि काउंटींकडे, म्हणजे तिथल्या प्रादेशिक सरकारांकडे, थकलेल्या बिलांवरून दर अर्थसंकल्पात वाद होतो. असं बिल कुठलाही फॅक्टर घेत नाही, कारण ते मान्य आहे की नाही हेच कुणी लेखी सांगत नाही. मेक्सिकोतली व्यवस्था चालली ती खरेदीदाराने बिल मान्य केल्याची नोंद आधी होत होती म्हणून. ज्या सरकारांकडे पुरवठादारांची येणी तुंबली आहेत, त्यातली कित्येक ॲफ्रेक्झिमबँकेची भागधारक आहेत आणि तिच्याकडून कर्जही घेतात. बिल हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत ते मान्य की अमान्य हे लेखी कळवायचं, ही अट तिने त्या कर्जांना जोडावी.