देवाची हजेरी

काल मी बँकेत एका परक्या पोराच्या मोबाइलकडे बघून तीन वेळा डोळे मिचकावले. वय वर्षं सदुसष्ट. भरदिवसा, वीस-पंचवीस माणसांच्या देखत. आणि शेजारी उभे राहून एक निवृत्त कंडक्टर ओरडत होते, "मिचकवा बाई, मिचकवा! लाजू नका!"

अजून आठवलं की कान गरम होतात.

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की वर्षभर आपण जिवंत, विषय संपला. २०१४ पासून त्याला 'जीवन प्रमाण' नावाची संगणकाची वाट निघाली आणि सहीच्या जागी अंगठा आला. एकतीस वर्षं पोरांना सही करायला शिकवली आणि शेवटी स्वतः अंगठेबहाद्दर झाले.

पण नुसती बँक असती तर मी एवढी चिडले नसते. आधीच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी गृहपाठ दिलेला होता. तीन रविवारांपूर्वी त्यांनी उपदेशात ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला पॅरिसच्या एका मठातला हा साधा सेवक. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यानं मठाच्या भटारखान्यात काढली. भांड्यांच्या खडखडाटातही त्याला देव तितकाच जवळ वाटायचा, जितका प्रार्थनेत गुडघे टेकल्यावर. गोष्ट चांगली आहे. त्याला स्वयंपाकघराचं काम मुळात अजिबात आवडत नसे, हे ऐकल्यावर तर तो मला फारच जवळचा वाटला. पण पाळकसाहेब तिथं थांबले नाहीत. म्हणाले, "प्रत्येकानं एक वही करा. रोज रात्री लिहा, आज देव मला कुठं दिसला. आणि गुरुवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्या."

मी जन्माची शिक्षिका. वही म्हटल्यावर मी रकाने आखले. तारीख, वार, हजर, गैरहजर. अठरा दिवसांत देवाची हजेरी शून्य. कुठल्याही शाळेत एव्हाना पालकांना चिठ्ठी गेली असती.

इतरांचं तसं नाही. आमच्या सभेत एक बाई आहेत, त्यांचा देव त्यांना पुण्यात लक्ष्मी रोडला पार्किंग मिळवून देतो. एकांचा गॅस संपला की त्याच क्षणी कोपऱ्यावर सिलिंडरची गाडी वळते. एकांच्या जावयाचा व्हिसा, एकांचा गुडघा. सगळे आळीपाळीनं साक्ष देतात, "आमेन" होतं, आणि माझी पाळी आली की मी म्हणते, "सर्व ठीक आहे, प्रभूची कृपा," आणि चहाकडे बघते. नगरला मिशन आलं १८३१ साली. जवळजवळ दोनशे वर्षं आमच्यात साक्षी चालल्या आहेत, सोपे सोपे विषय आधीच्यांनी वापरून टाकले. आम्ही काय सांगायचं?

तर काल गुरुवार. संध्याकाळी सभा, सकाळी बँक. वही पर्समध्येच.

रांगेत माझ्या पुढं ते कंडक्टर होते. खाकी गेली तरी खाकीची सवय गेलेली नव्हती. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात तुळशीची माळ, काखेत रेक्झिनची बॅग. रांगेचा कारभार त्यांना कुणी दिलेला नव्हता, तो त्यांनी घेतला होता.

"पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा आहे. आधार हातात काढून ठेवा, मागाहून शोधाशोध नको. आजोबा, तुम्ही बसा, तुमचा स्टॉप आला की सांगतो."

आणि गंमत म्हणजे माणसं सरकत होती. आजोबा बसले.

मग माझ्याकडे वळून, "मी पाथर्डी लाईनला होतो बाई. नगर-पाथर्डी. करंजीचा घाट माहितीये ना? रात्रीचे साडेअकरा, गाडी घाटात बंद, पंचेचाळीस पाशिंजर, आन त्यात एक बाळंतीण. पोटात कळा सुरू…"

"नेक्स्ट!" खिडकीतला मुलगा म्हणाला.

त्यांनी बॅगेतून औषधाची एक जुनी बाटली काढली, अंगठ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेतला, कपाळाला घासला, "राम कृष्ण हरी" म्हणाले आणि अंगठा टेकवला. हिरवा दिवा. एका झटक्यात. "बघितलं? मशिनला कोरडं माणूस चालत नाही." मग त्यांनी हवेत दोरी दोनदा ओढली. टण टण.

काम झालं होतं. कुणीही घरी गेलं असतं. ते बाजूला सरकले आणि माझ्या खांद्यापाशी उभे राहिले.

मी अंगठा ठेवला. लाल. पुन्हा. लाल. डावा. लाल. तर्जनी, मधलं बोट, ज्या बोटाचं नावही कुणी नीट ठेवलं नाही ते, करंगळी. मुलगा स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "मॅडम, येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"तुम्ही."

मी समोर उभी. माझा आवाज त्याला ऐकू येत होता. माझी पर्स त्याच्या काउंटरवर होती. पण मी येत नव्हते.

खरं सांगायचं तर दोष मशिनचाही नाही. एकतीस वर्षं खडू धरला, त्याच्या आधीपासून घरची भांडी घासली, आधी राखेनं, मग साबणानं. वयानं कातडी कोरडी होते ती वेगळीच. बोटांच्या रेघा राहतील कशा? गवंडी, धुणंभांडी करणाऱ्या बाया, शेतात राबणारी माणसं, सगळ्यांची हीच रड. ज्यानं हातानं काम केलं त्याचाच हात ओळखू येत नाही, आणि ज्यानं जन्मभर दुसऱ्याकडून काम करून घेतलं त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात हिरवा. ही अक्कल कुणाची आहे मला माहीत नाही, पण ती माझ्या वर्गात असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

मला येशूचा शिष्य थोमा आठवला. येशू मरणातून उठला हे ऐकून, त्याच्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं म्हणणारा. लहानपणापासून आम्ही त्याला 'संशयी थोमा' म्हणून हिणवत आलो. पण त्याच्यासमोर निदान खुणा तरी होत्या. शिवाय त्याची एकदाच खात्री पटली, दर नोव्हेंबरला तो परत बोट पुढं करून आला नाही. आणि लाजर? चार दिवस कबरेत राहून बाहेर आला. त्याला कुणी आधार कार्ड मागितलं नाही.

"तेल घ्या बाई," कंडक्टर म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत माझ्या अंगठ्यावर बाटली उपडी. एक थेंब नाही, धार. मशिनची काच बरबटली. मुलगा भडकला, "तेल लावून येऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं?" आणि स्वतःच्या रुमालानं काच पुसत बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, बाजूला होता का?"

"कशाला बाजूला?" कंडक्टर गरजले. "बाई रिझर्वेशनच्या आहेत!"

तेवढ्या वेळात त्यांनी मला सांगितलं की पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली, नगरहून सुटली. मागचे टपालातले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, पुण्याहून. हे म्हणाले, नगरहून, माळीवाड्यातून. त्यावर रांगेत दोन पक्ष पडले. माझा अंगठा तेलात तसाच.

मग फॉर्मवरचं माझं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे मिशनच्या का तुम्ही?"

"हो."

"मग बरोबर. तुम्ही काहीच म्हणत नाही दाबताना. आमचं राम कृष्ण हरी. तुमचं काय असतं?"

इथं माझी जी फजिती झाली ती बँकेनं केलेल्या फजितीपेक्षा मोठी. संडे स्कूल, गायनमंडळ, महिला मंडळाची दोन वर्षं चिटणीस. स्तोत्र १३९ मला तोंडपाठ आहे. परमेश्वरा, तू मला पारखलं आहेस, माझं बसणं-उठणं तू जाणतोस. डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, असं प्रभूनं सांगितल्याचं मी शेकडो पोरांना शिकवलं. आणि एक माळकरी कंडक्टर सरळ विचारतोय, अडल्या वेळी तुमच्या तोंडात काय येतं, तर तोंडात काहीच नाही. शेवटी मी म्हणाले, "सलाम."

"सलाम?"

"आम्ही भेटलो की एकमेकांना म्हणतो."

ते क्षणभर विचारात पडले. मग मशिनकडे हात करून म्हणाले, "म्हणा मग. चला, बाईंच्या वतीनं!" आणि अर्धी रांग मशिनला म्हणाली, "सलाम!"

लाल.

"फेसचं करू," मुलगा म्हणाला. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ मध्येच आलेली आहे. हे त्याला माझ्या दहा बोटांच्या आधी आठवलं असतं तर मी त्याला आशीर्वाद दिला असता. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. चष्मा काढा. काढला, त्याबरोबर मोबाइल दिसेनासा झाला. सरळ बघा. कुठं सरळ? गोलात. कुठला गोल? "आता डोळे मिचकवा."

"बाई, डोळा मारा!" कंडक्टरांनी भाषांतर केलं.

"मारायचा नाही काका, मिचकवायचा. दोन्ही."

"दोन्ही मारा!"

आमच्या यजमानांनी लग्नाआधी दोन वर्षं वाट बघितली, त्यांनाही हा मान मिळालेला नाही. मी मिचकावले. जमलं नाही. परत. तेवढ्यात मुलगा वैतागून म्हणाला, "काका, मागं व्हा हो. दोन चेहरे येतायत."

मी चष्मा लावून बघितलं. माझ्या खांद्यावरून कंडक्टर वाकून बघत होते आणि स्वतःही जोरजोरात डोळे मिचकावत होते, मला दाखवायला म्हणून. मी एकटीच पुढं गेले होते, पण मोबाइलला दोघं दिसत होते.

बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात राजा तिघांना पेटत्या भट्टीत टाकतो आणि आत डोकावून बघतो तर चौघं फिरताहेत, चौथा देवाचा दूत. ही गोष्ट मी दर वर्षी शिकवायची, फळ्यावर ज्वाळा काढून. बँकेत ती आठवली आणि मला स्वतःचाच राग आला. कारण आता हे वहीत लिहावं लागणार, हे मला कळलं होतं. आणि त्या चौथ्यानं तिघांतल्या शद्रखाला "डोळा मारा" असं नक्कीच सांगितलं नसणार.

तिसऱ्यांदा झालं. टण टण. मी जिवंत.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी ती बाटली माझ्या पर्समध्ये कोंबली. "ठेवा, पुढच्या वर्षी लागंल." मी त्यांना पेन्शन किती मिळते ते विचारलं. विचारायला नको होतं. दोन हजार तीनशे आणि वर काहीतरी. ते ज्या योजनेत येतात तिच्यात किमान पेन्शन हजार रुपये, हे २०१४ साली ठरलेलं. उभी हयात उभ्यानं काढलेल्या माणसाला तेवढ्यासाठी दर वर्षी येऊन सांगायचं की मी आहे. "एवढ्या पैशासाठी मी मेलेला असूनही जिता आहे म्हणून कोण फसवंल हो?" ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. शहराचं नाव अहिल्यानगर झालं, माझ्या पासबुकावर अजून अहमदनगरच आहे. बँकेला ते बदलायला वेळ नाही, पण आम्ही मेलो की नाही ते बघायला वेळ आहे.

बाळंतिणीचं काय झालं ते विचारायचं राहिलंच. मी हाक मारेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेले होते.

संध्याकाळी सभेत पार्किंगवाल्या बाईंची साक्ष झाली, व्हिसाची झाली, माझी पाळी आली. मी म्हणाले, "आज मी जिवंत असल्याचं सिद्ध झालं. बँकेनं तसा दाखला दिलाय." सगळे म्हणाले, "आमेन!" पाळकसाहेब तर इतके गहिवरले की त्यांनी त्यावर पाच मिनिटं प्रार्थना केली, मरणातून जीवनात, वगैरे. डोळे मिचकावल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.

रात्री वही काढली. पर्समध्ये बाटली सांडलेली. वहीचा कोपरा, पासबुक, हातरुमाल, सगळं खोबरेल. गुरुवारच्या ओळीत मी सवयीनं 'गै' लिहिलं. मग खोडलं. 'हजर' लिहवेना, कारण तेवढी खात्री माझी नाही आणि तेवढा राग गेलेलाही नाही. शाळेत असं पोर तास अर्धा संपल्यावर दारात उभं राहायचं, तेव्हा मी लिहायची तेच लिहिलं: 'उशिरा'.

वही मिटताना बघितलं तर रकान्यात माझा अंगठा उमटला होता. तेलाचा. रेघ न रेघ दिसत होती. मेल्या, आता उमटतोस!