जुन्या सर्व्हरला दुसरी टेप ड्राइव्ह जोडताना: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमधील हिशेबनिसांच्या आणि संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: जुन्या सर्व्हरची टेप ड्राइव्ह (चुंबकीय टेपेवर बॅकअप लिहिणारे यंत्र) बंद पडली तर बाजारात मिळेल ती सर्वांत नवी एलटीओ (क्रमांकाने पिढ्या ओळखल्या जाणारा टेपेचा एक प्रकार) ड्राइव्ह घ्यावी, कारण ती जुन्या सगळ्या टेपा वाचते, जोड जुळला नाही तर कनव्हर्टर केबल मिळते, नाहीतर सर्व्हरमधल्या रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाला) ती लावता येते, ड्राइव्ह जितकी नवी तितका बॅकअप लवकर उरकतो, आणि जुन्या टेपा चुंबकाने कोऱ्या करून पुन्हा वापरता येतात. सातपूर आणि अंबडच्या काही कारखान्यांतले सर्व्हर मी सांभाळतो. हा संदेश वाचून घेतलेली ड्राइव्ह जोडून देण्यासाठी मला बोलावणे आले आहे, म्हणून त्यातल्या प्रत्येक दाव्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘नवी ड्राइव्ह जुन्या सगळ्या टेपा वाचते’ हा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्याची चूक खरेदीच्या दिवशी कळत नाही. एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंत नियम असा होता की ड्राइव्ह आपल्या पिढीच्या आणि एक पिढी मागच्या टेपेवर लिहिते आणि दोन पिढ्या मागची टेप फक्त वाचते. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीने हा पल्लाही कमी केला. ती मागच्या पिढ्यांपैकी फक्त सातवी हाताळते. ज्या कारखान्याने मला बोलावले होते तिथे कपाटात एलटीओ-३ च्या, म्हणजे प्रत्येकी ४०० जीबीच्या टेपा होत्या आणि टेबलावर एलटीओ-६ ची ड्राइव्ह होती. ती चौथ्या पिढीपर्यंतच मागे जाते, त्यामुळे कपाटातली एकही टेप तिने स्वीकारली नाही. तिथे एलटीओ-४ घेतली असती तर त्याच टेपांवर लिहिणे आणि वाचणे दोन्ही झाले असते. एलटीओ-५ घेतली असती तर निदान वाचता तरी आल्या असत्या. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीला हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि त्या टेपांवर नेमके तेच होते. म्हणून ड्राइव्हची निवड दुकानातल्या यादीवरून करायची नसते, कपाटातल्या सर्वांत जुन्या टेपेवरून करायची असते. टेपा डीडीएस किंवा डीएलटी या दुसऱ्या जुन्या प्रकारांच्या असतील तर एलटीओचा विचारच करू नये; ती माध्यमे वेगळी आहेत आणि एलटीओ ड्राइव्हमध्ये ती बसतही नाहीत.

आता कनव्हर्टर केबलचा दावा. साधारण २००५ पर्यंतच्या सर्व्हरांमध्ये टेप ड्राइव्ह समांतर स्कझीवर, म्हणजे अनेक तारांवरून एकाच वेळी बिट पाठवणाऱ्या जोडणीवर चालत असे, ६८ पिनांच्या रुंद जोडाने. नंतरच्या ड्राइव्ह सॅस या नव्या प्रकारच्या जोडाच्या आहेत, आणि सॅसमध्ये माहिती एकापाठोपाठ एक बिट अशी जाते. या दोहोंमध्ये फरक केवळ जोडाच्या आकाराचा नाही, तर विद्युत संकेतांचा आणि संवादाच्या पद्धतीचा आहे. तो नुसत्या तारांनी मिटत नाही. संदेशात तथ्याचा अंश आहे तो एवढाच की दोन्ही टोके सॅसचीच असतील आणि जोडाचा आकार तेवढा जुना-नवा असेल, तर तशी केबल मिळते आणि ती नीट चालते. ३ गिगाबिटच्या सॅस कार्डाला ६ गिगाबिटची ड्राइव्ह जोडली तरी दोघे कमी वेगावर जुळवून घेतात, आणि एलटीओ-५ च्या सेकंदाला १४० मेगाबाइटच्या गरजेला तो वेग पुरून उरतो.

सर्व्हर स्कझीचा असेल तर दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे स्कझीचीच ड्राइव्ह शोधणे. ती एलटीओ-४ पर्यंत निघत होती. दुसरा म्हणजे सॅसचे होस्ट कार्ड (ड्राइव्ह सर्व्हरला जोडून देणारे कार्ड) बसवणे, आणि इथे मदरबोर्डवरची खाच नीट पाहावी लागते. पीसीआय-एक्स आणि पीसीआय एक्सप्रेस ही नावे सारखी ऐकू येतात, पण एकाचे कार्ड दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, आणि त्या काळच्या कित्येक सर्व्हरांत दोन्ही खाचा शेजारी शेजारी असतात. झाकण उघडून बघितल्याशिवाय कार्ड मागवू नये. रेड कार्डाचा पर्याय तर मी सुचवणारच नाही, कारण ते कार्ड डिस्कांचे गट सांभाळण्यासाठी घडवलेले असते आणि त्यातली बरीचशी कार्डे टेप ड्राइव्ह ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचूच देत नाहीत. मदरबोर्डवरच्या साटा जोडाला (साध्या डिस्कांच्या जोडाला) सॅस ड्राइव्ह लावणेही शक्य नाही. साटा डिस्क सॅस कार्डावर चालते, उलटे होत नाही.

स्कझीचाच मार्ग घेतला तर एकाच केबलवरच्या उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (संकेत टोकावरून परत फिरू न देणारा भाग) हवा, प्रत्येक उपकरणाचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा हवा, आणि ७ हा आयडी बहुधा कार्डाचा स्वतःचा असल्याने तो सोडून द्यावा. जुन्या सिंगल-एंडेड प्रकारचे एक जरी उपकरण त्या साखळीत राहिले तरी सगळी साखळी सेकंदाला ४० मेगाबाइटवर उतरते. जुळणी चुकली की ड्राइव्ह दिसते, काही मिनिटे चालते आणि मध्येच हरवते, आणि मग दोष बिचाऱ्या ड्राइव्हवर ढकलला जातो. केबल लावताना सर्व्हर पूर्ण बंद असावा. सुरू करताना आधी ड्राइव्ह, मग सर्व्हर हा क्रम पाळावा.

वेगाचा दावा अर्धाच खरा आहे. ड्राइव्हला पाठीमागून अखंड माहिती मिळाली तरच ती वेगाने लिहिते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या नेटवर्कवरून येणारा बॅकअप सेकंदाला जेमतेम ११-१२ मेगाबाइट देतो. एलटीओ ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत कमी करते, पण त्याखाली गेल्यावर तिला थांबावे लागते, टेप मागे घ्यावी लागते आणि पुन्हा धाव घ्यावी लागते. ही ये-जा रात्रभर चालली तर बॅकअप लांबतो आणि हेड (टेपेवर लिहिणारा-वाचणारा भाग) व टेप दोन्ही झिजतात. ड्राइव्ह जितकी नवी आणि वेगवान, तितका हा धोका जुन्या सर्व्हरवर जास्त. उपाय साधा आहे: बॅकअप आधी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर गोळा करावा आणि मग तिथून टेपेवर सलग उतरवावा.

चुंबकाचा सल्ला मात्र कोणीही पाळू नये. एलटीओ टेपेवर हेडला वाट दाखवणाऱ्या सर्व्हो खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात, आणि चुंबकाने माहितीबरोबर त्याही पुसल्या जातात. त्या पुन्हा लिहिण्याची सोय ड्राइव्हमध्ये नसते, त्यामुळे अशी टेप कायमची निकामी होते.

संदेशात सॉफ्टवेअरचा उल्लेखच नाही. विंडोज सर्व्हर २००३ मधले बॅकअपचे साधन टेपेवर लिहीत असे. २००८ च्या आवृत्तीपासून सोबत मिळणारे साधन टेपेवर लिहीत नाही, त्यामुळे ड्राइव्हबरोबर सर्व्हरही अद्ययावत करणाऱ्यांना वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. लिनक्सवर ड्राइव्ह सहज ओळखली जाते, परंतु ब्लॉकचा (एका वेळी टेपेवर लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार पूर्वीसारखा ठेवला नाही तर धडधाकट टेपही वाचताना त्रुटी दाखवते. कूटबद्ध करून लिहिलेल्या टेपांची किल्ली जुन्या सॉफ्टवेअरमध्येच राहिली असेल तर कोणतीही ड्राइव्ह त्या उघडू शकणार नाही.

एमजी रोडवरून घ्या किंवा मुंबईहून मागवा, वापरलेली ड्राइव्ह घेताना पैसे देण्यापूर्वी आपल्या कपाटातली सर्वांत जुनी टेप सोबत न्यावी, आपले सॉफ्टवेअर असलेल्या यंत्राला ती ड्राइव्ह जोडायला लावावी, आणि त्या टेपेवरची एक फाइल परत काढून, उघडून, डोळ्यांनी पाहावी.