सगळीकडे तेच १३७ कसं?

विश्व सुरू कसं झालं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला छळतो तो दुसराच प्रश्न: ते सगळीकडे इतकं सारखं कसं?

आकाशात कुठेही बघा, आदिम प्रारणाचं, म्हणजे विश्वाच्या बालपणी निघून आजही सगळीकडून येणाऱ्या प्रकाशाचं, तापमान २.७२५ केल्विन. आपल्या स्वतःच्या गतीमुळे दिसणारा फरक वजा केला, की उरतो तो लाखात एखाद्या भागाचा. बादलीत गरम आणि गार पाणी एकत्र ओतलं की कोमट होतं, कारण ते मिसळतं. आकाशाच्या समोरासमोरच्या दोन टोकांची मात्र गाठच पडलेली नव्हती! हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचं होतं; मिसळायला तेवढा वेळ पुरेसाच नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये तोड सुचवली: आधीच कोमट झालेला इवलासा तुकडा क्षणार्धात अफाट फुगला. मला हे बऱ्यापैकी पटतं.

पण स्थिरांकांचं, म्हणजे निसर्गाच्या नियमांमधल्या न बदलणाऱ्या आकड्यांचं काय? विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा आकडा, साधारण १/१३७, कुणी ढवळून सारखा केला? ‘नियमच तो, सारखाच असणार’ हे उत्तर मला आळशी वाटतं. कारण ही गोष्ट तपासता येते, आणि तपासलीही आहे.

गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीतलं युरेनियम १९७२ मध्ये हिशेबात बसेना. ०.७२० टक्के हवं तिथे युरेनियम-२३५, म्हणजे अणुभट्टीत जळणारं युरेनियम, भरलं ०.७१७ टक्के. एवढ्याशा तुटीचा माग काढला तेव्हा कळलं, की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीतच अणुभट्टी पेटली होती, आपोआप, झिरपणाऱ्या पाण्याच्या जोरावर. (माणसाला भट्टी उभारायला केवढा खटाटोप करावा लागला!) तिच्या राखेत समॅरियम-१४९ जवळपास संपलेलं होतं. हा अणू अगदी ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतो. १३७ किंचित सरकला असता तर ती ऊर्जाही हलली असती आणि राख वेगळी दिसली असती. भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर श्ल्याख्तर यांनी १९७६ मध्ये हा हिशेब मांडला. पुढच्या गणितांनुसार तेव्हापासून बदल झालाच असेल तर कोटीत एखाद्या भागाचा.

म्हणजे आकडा टिकून आहे हे कळलं. का, ते नाही. माझा कल असा: हे आकडे कोरलेले नसून एखाद्या क्षेत्राने (चुंबकीय क्षेत्रासारखं, अवकाशभर पसरलेलं काहीतरी) सुरुवातीलाच धरलेली किंमत असावी, आणि गुथ यांच्या त्या तुकड्याबरोबर तीही फुगून सगळीकडे पसरली असावी. पुरावा नाही, कबूल. तसं असेल तर आपल्याला दिसणाऱ्या विश्वापलीकडे, सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे, १३७ च्या जागी दुसराच आकडा असू शकतो. आणि तिथला प्रकाश अजून इथवर पोहोचलेलाच नाही.