प्रतिक्रियेला उत्तर : एका सेल्फला उठणारी रोटरी

नमस्कार काका,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेला तुमचा भाचा २००६ ची माझदा आरएक्स-८ घ्यायला निघालाय. या गाडीत रोटरी इंजिन असतं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. गाडी ४० हजार मैल चालली आहे, सकाळी थंड असताना एका सेल्फला उठते, धूर मारत नाही, आणि साध्या गेजवर दोन्ही रोटरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) चांगलं आलंय. असं असताना ‘रोटरीच्या खास टेस्टरवर तपासल्याशिवाय पैसे मोजू नका’ असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो, असा तुमचा आक्षेप आहे. उद्यमनगरात तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला इंजिन कानाने कळतं, असंही तुम्ही म्हणता.

तुमच्या कानाबद्दल मला शंका नाही, पुढे तो भाच्याच्या कामी येणारच आहे. पण गेजच्या बाबतीत मी एक पाऊलही मागे येणार नाही.

पिस्टनच्या इंजिनात एका प्लगच्या भोकामागे एकच सिलिंडर असतो. सेल्फ मारला की काटा चढतो आणि गेजमधल्या वॉल्व्हमुळे तिथेच थांबतो. रोटरीत त्याच भोकासमोरून रोटरच्या तीन बाजू एकामागून एक सरकतात. प्रत्येक बाजूचा दाब वेगळा, तो अडवून धरणाऱ्या सीलची (पट्ट्यांची) अवस्थाही वेगळी. साधा गेज या तिघींपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून बसतो, उरलेल्या दोघींबद्दल काहीच बोलत नाही.

उदाहरणच घ्या. तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणाऱ्या खास टेस्टरवर पहिल्या रोटरचे आकडे आले ७.४, ७.५, ७.३ बार आणि दुसऱ्याचे ७.२, ५.६, ७.१. माझदाच्या हिशेबाने या इंजिनाला मिनिटाला २५० फेऱ्यांवर किमान ६.८ बार हवेत, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ बारपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे दुसरा रोटर दोन्ही कसोट्यांवर नापास, या इंजिनाचं काम निघालेलं आहे. साधा गेज इथे काय दाखवेल? ७.५ आणि ७.२. भाच्याला दिसलं ते याहून वेगळं असेलच असं नाही.

शिवाय तीन आकडे समोर असले की दुखणं कुठे आहे तेही बरंचसं कळतं. कोपऱ्यावरचं अपेक्स सील दोन बाजूंच्या मधोमध बसतं, त्यामुळे ते गेलं तर शेजारच्या दोन्ही बाजू पडतात. एकच बाजू पडली असेल तर संशय त्या बाजूच्या कडेला बसणाऱ्या साइड सीलवर. सगळ्याच बाजू सारख्या खाली आल्या असतील तर इंजिन एकंदर झिजलंय.

सेल्फच्या वेगाचंही बघा. सेल्फ जोरात फिरला की आकडा चढतो, बॅटरी मरतुकडी असली की उतरतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी फेऱ्या लिहिलेल्या हव्यात आणि आकडे २५० फेऱ्यांच्या हिशेबाला आणलेले हवेत. आरएक्स-८ च्या सुरुवातीच्या गाड्यांचा सेल्फ जरा मंद होता. पुढे जास्त ताकदीचा आला आणि जुन्या गाड्यांनाही बसवला गेला. बदल चांगलाच आहे, पण थकलेलं इंजिनही तो काही महिने ओढून नेतो. सेल्फ नवा दिसला तर तो का बदलला, हे भाच्याने विचारायलाच हवं.

आता तुमचा कान. भाच्याला सांगा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून सेल्फ मारायचा. या गाडीत त्या अवस्थेत पेट्रोल तुटतं, त्यामुळे इंजिन पेट न घेता नुसतं फिरतं. पाच-सात सेकंद फोनवर रेकॉर्ड करून त्याने तुम्हाला पाठवावं. निरोगी इंजिनाचा फस-फस-फस एका लयीत येतो. एखादी बाजू गेली असेल तर ठराविक अंतराने एक ठोका पोकळ लागतो आणि सेल्फ तिथे क्षणभर सुसाट सुटतो. तुम्हाला तो पहिल्या झटक्यात ऐकू येईल, भाच्याला कदाचित येणार नाही. मात्र सगळ्या बाजू सारख्याच थकल्या असतील तर लय बिघडत नाही, म्हणून कानावर थांबू नका.

थंड इंजिन एका सेल्फला उठलं यावर तुमची सगळी भिस्त आहे. डिझेल जीप किंवा जुनी फियाट असती तर मीही हेच धरलं असतं. रोटरी थंड असताना उठते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट असतं आणि घट्ट ऑइल सीलच्या फटी झाकून घेतं. ती उघडी पडते गरम झाल्यावर. म्हणून गाडी निदान वीस मिनिटं नीट चालवायची, पूर्ण तापल्यावर फेऱ्यांचा काटा एकदा लाल पट्ट्याजवळ न्यायचा, मग बंद करून दहा मिनिटं उभी ठेवायची आणि सेल्फ मारायचा. दोन सेकंदांत उठली तर चांगली खूण. सेल्फ फिरतोय, फिरतोय आणि मग कशीबशी धरली, तर विकणाऱ्याने काहीही कारण सांगितलं तरी उत्तर मिळालेलं आहे. आणि हो, तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. या गाडीचा काटा बराच वेळ मध्यावर बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला की खरा आकडा दिसतो.

ऑइलबद्दल तुम्ही लिहिलंय की गाडी ऑइल खात नाही हे उत्तम लक्षण. इथे ते उलटं आहे. सील ओली राहावीत म्हणून पंप मुद्दामच थोडं इंजिन ऑइल आत सोडतो. महिनोन्‌महिने टॉप-अप लागत नसेल तर तो पंप किंवा त्याच्या नळ्या तपासा. याउलट ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच कूलंट मिसळलंय असं समजू नका. भरण्याची नळी लांब आहे, इंग्लंडच्या थंडीत तिथे वाफ धरते. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील किंवा पातळी सतत उतरत असेल, तर मात्र आतली वॉटर सील गेली असणार.

कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाच्या) पावत्या नक्की मागा. या गाडीत चार प्लग, चार कॉइल, आणि कॉइल या इंजिनाच्या मानाने लवकर थकतात. ठिणगी कमकुवत झाली की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, धूर बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती उष्णता उलटी इंजिनावर येते. वेळेवर न बदललेल्या कॉइलपायी अख्खं इंजिन जातं, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. वरच्या फेऱ्यांना गाडी दबते का बघा. एमओटीच्या (तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या) नोंदी ऑनलाइन फुकट दिसतात, धुराच्या चाचणीत कधी नापास झाली आहे का तेही पाहा.

४० हजार मैल हा आकडा मला तरी आश्वासक वाटत नाही. दुकानापर्यंत न्यायची, थंडच बंद करायची, अशा वापरात कार्बन साचतो आणि प्लग पेट्रोलने भिजतात. हायवेवर पळालेली ८० हजारांची गाडी याहून बरी निघू शकते.

घाबरवण्याचा आरोप मात्र मनाला लागला. १९९१ मध्ये ले मान्सची मोटार शर्यत जिंकलेलं इंजिन रोटरी होतं, आरएक्स-८ च्या इंजिनाला २००३ मध्ये जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळाला. हे मलाही ठाऊक आहे आणि या गाडीवर माझं प्रेम आहे. पण खुद्द माझदाने अमेरिकेत २००४ ते २००८ च्या आरएक्स-८ साठी इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवून दिली होती. इंजिन धडधाकट निघत असतं तर ही वेळ आली नसती.

विकणारा टेस्टला तयार नाही म्हणता, तर भाच्याने टेस्टची फी स्वतः भरायची तयारी दाखवावी. रोटरीचं काम करणारे कारागीर इंग्लंडमध्ये आहेत. तरीही नकार आला तर इंजिन गेलेलंच धरून भाव करावा, म्हणजे मागितलेल्या किमतीतून रीबिल्डचे (इंजिन खोलून नव्याने बांधण्याचे) काही हजार पौंड वजा करावेत. तेही मान्य नसेल तर ती गाडी सोडून दुसरी बघावी, इंग्लंडमध्ये आरएक्स-८ विकायला निघत असतात. टेस्टचा कागद हाती आला की सहाही आकडे आणि फेऱ्या इथेच खाली लिहा, मी बघून सांगतो.

तुमचा,
ब्लॉगलेखक