चुकांचं स्वागत आहे (मार्क मात्र कापले जातील)

शाळेत चुकांबद्दल पॉझिटिव्ह वातावरण तयार करायचंय ना, मग आधी एक मोठं पोस्टर छापून घ्या, 'चुकांमधूनच आपण शिकतो'. ते मुलांच्या वर्गात लावा, स्टाफरूममध्ये नको, तिथले सगळे शिकून झालेत. पोस्टरवर शुद्धलेखनाची चूक निघाली तर छापणाऱ्याला सगळ्यांसमोर झापा.

मग वर्गात सांगा, "बिनधास्त उत्तर द्या रे, चुकलं तरी चालेल." एखादं पोर भोळेपणानं हात वर करतं, १/२ अधिक १/३ म्हणजे २/५ असं ठोकून देतं, तेव्हा त्याच्याकडे नुसतं बघायचं आणि मग "बरोबर उत्तर कोण सांगेल?" म्हणत पुढे जायचं. हे कसं काढलंस असं चुकूनही विचारू नका, कारण त्यानं वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवलेत, म्हणजे डोकं वापरलंय, आणि अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं एवढं जरी विचारलंत तरी ते पोर स्वतःच विचारात पडेल, अख्खा वर्ग वाद घालत बसेल, मग पोर्शन कोण संपवणार?

पेपर तपासताना छान सविस्तर शेरा लिहा, कुठे अडलंय, पुढे काय करून बघ वगैरे, आणि शेजारी लाल पेनानं मार्क टाकून गोल करा. १९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधक बाईंनी दाखवलं होतं की नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, पण सोबत मार्क दिले की शेऱ्याचा फायदा गेला. म्हणजे बघा, लिहिल्याचं पुण्य आपल्याला, आणि मुलांनी वाचायची भानगडच नाही! चूक दुरुस्त करून वही परत दाखवायला वेळ तर अजिबात देऊ नका, पुढचा धडा सुरू.

फळ्यावर तुमचंच काही चुकलं आणि पोरांनी दाखवलं तर घाबरायचं नाही, "मुद्दाम लिहिलं होतं, बघत होतो कोणाचं लक्ष आहे ते" हे वाक्य पाठ असू द्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आणि हो, फीडबॅक दोन्ही बाजूंनी हवा. वर्षाच्या शेवटी मुलांकडून शिक्षकांबद्दल निनावी फॉर्म भरून घ्या, वर फक्त रोल नंबरची जागा ठेवा. कोणी खरं लिहिलंच तर पालकांना बोलावून घ्या, पॉझिटिव्ह चर्चेसाठी.